पायवाटेचा हमरस्ता

पायवाट कोणी बांधत नाही, ती पडते. दोन गावांमधल्या माळावरून पहिला माणूस जातो तो काटे तुडवीत, ठेचा खात. दुसरा त्याच्या पावलांचा माग काढीत जातो. मग बाजाराला निघालेल्या बायका जातात, गुरे वळणारी पोरे जातात, आणि चार पावसाळे उलटले म्हणजे त्या पट्ट्यावर गवत उगवेनासे होते. पुढे एके दिवशी ओव्हरसियर येतो, साखळी टाकून मोजणी करतो, खडी पडते, डांबर पडते आणि पायवाटेचा हमरस्ता होतो. गावाला आनंद होतो, आणि तो व्हावा हेही योग्यच. पण पायवाटेने जाणारा माणूस पायाखाली बघून चालत असे. वाट अरुंद असल्यामुळे समोरून येणाऱ्याला राम राम घातल्यावाचून त्याला पुढे जाताच येत नसे. हमरस्त्यावरून मोटार जाते ती सुसाट. तिला खाली बघण्याचे कारण नाही आणि राम राम घालण्याचेही नाही.

वाचकहो, आज जी हकीकत सांगायची आहे ती अशाच एका रस्त्याची आहे. मात्र हा रस्ता माळावरचा नव्हे, आपल्या हातातल्या मोबाइलमधला. ट्विटर हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असेल. त्याचा वापर आपण करीत असाल वा नसाल. पण नावापुढे एक खूण करून माणसाला हाक मारायची, शब्दामागे चौकट काढून विषय सांगायचा आणि दुसऱ्याचा मजकूर बोट टेकवून पुढे धाडायचा, या रीती त्या घरात रुजल्या आणि तिथून जगभरच्या फोनांत पसरल्या. आपली समजूत अशी की कोणा हुशार माणसाने टेबलाशी बसून हे सारे योजले असेल. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. या रीती पाडल्या त्या साध्या वापरणाऱ्या लोकांनी. मालकांनी त्या पाहिल्या, मोजल्या आणि त्यांवर डांबर घातले. डांबर घातल्यावर काय झाले, हाच या कथेचा खरा विषय आहे.

कथेचा आरंभ मात्र ट्विटरच्या जन्माच्या २१ वर्षे आधी होतो. १९८५ साली जर्मनीतील बॉन शहरी फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा एक अभियंता आपल्या टाइपरायटरपुढे बसून मनाला येतील ती वाक्ये कागदावर उतरवीत होता. कधी एखादा प्रश्न, कधी एखादा निरोप. प्रत्येक वाक्य झाले की तो त्यातली अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा मोजी. फिरत्या टेलिफोनवरून लेखी निरोप पाठवायचा तर त्याला जागा किती ठेवावी, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले की माणसाचा बहुतेक निरोप १६० अक्षरांत आटोपतो. मग पडताळा पाहण्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोस्टकार्डांवरचा मजकूर विचारात घेतला. बहुसंख्य पोस्टकार्डे १५० अक्षरांच्याही आत संपत होती! अशा रीतीने मोबाइलच्या निरोपाची, म्हणजे आपण ज्याला एसएमएस म्हणतो त्याची, लांबी १६० अक्षरांवर ठरली. ही झाली रोमन लिपीची गोष्ट. आपली देवनागरी त्याच जागेत लिहू गेल्यास अवघ्या ७० खुणा मावतात, आणि त्यांत काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाते.

मोजून लिहिण्याची ही शिस्त आपल्याकडे नवी नव्हती. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आपल्या वाडवडिलांनी 'आई आजारी, ताबडतोब निघा' यापलीकडे तारेत कधी काही लिहिले नाही. सणासुदीच्या ठराविक शुभेच्छांना तर तारखात्याने क्रमांकच देऊन ठेवले होते. फॉर्मवर क्रमांक लिहावा, आणि पलीकडच्या गावी तारवाल्याने तिथे ते सबंध वाक्य उमटवून द्यावे. आपली ती तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. तोवर तिची गादी एका निराळ्याच वारसाने चालवायला घेतली होती.

त्या वारसाचा जन्म अडचणीतून झाला. २००५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ओडिओ नावाची एक लहानशी कंपनी होती. नोआ ग्लास आणि इव्हान विल्यम्स हे तिचे धुरीण. घरबसल्या कोणीही आपला श्राव्य कार्यक्रम तयार करावा आणि तो इतरांनी ऐकावा, अशी तिची योजना होती. पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात अॅपल या बलाढ्य कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये तीच सोय घातली आणि ओडिओच्या पायाखालची वाळू सरकली. आता करायचे काय? कंपनीतल्या माणसांनी लहान लहान टोळ्या करून नव्या कल्पना शोधाव्यात, असे ठरले. तिथे जॅक डॉर्सी हा एकोणतीस वर्षांचा तरुण होता. टॅक्सी, रुग्णवाहिका वगैरे वाहने शहरात कुठे आहेत हे कळवणाऱ्या यंत्रणेचे त्याला पहिल्यापासून वेड. वाहन जसे 'अमुक ठिकाणी आहे, अमुक काम चालू आहे' असे कळवते, तसे माणसाने आपल्या मित्रांना का कळवू नये? साउथ पार्क नावाच्या लहानशा बागेत बसून त्याने ही कल्पना सोबत्यांना सांगितली.

नाव शोधले ग्लासने. शब्दकोश चाळता चाळता पाखरांच्या चिवचिवाटाचा इंग्रजी शब्द त्याला सापडला. त्या काळच्या फॅशनप्रमाणे स्वर गाळून तो लिहिला गेला. पुढे स्वर परत आले. २१ मार्च २००६ रोजी डॉर्सीने पहिला निरोप धाडला. त्यात तत्त्वज्ञान नव्हते की कविता नव्हती. आपण आपले खाते मांडतो आहोत, एवढेच. १५ जुलै २००६ रोजी हे दार सर्वांना खुले झाले. ज्याने नाव दिले त्या ग्लासला मात्र त्याच उन्हाळ्यात कंपनीतून बाहेर पडावे लागले. आमच्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला या एका वाक्यात सबंध प्रकरण दिसते. पण आपल्याला पुढे जायचे आहे.

काम चालायचे ते असे. आपण ४०४०४ या क्रमांकावर एसएमएस पाठवायचा. जे कोणी आपल्याला 'फॉलो' करीत असतील त्या सर्वांच्या फोनवर तो जाऊन पडे. मैत्रीला दोघांची संमती लागते. इथे ती अट नव्हती. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, बोलणाऱ्याने त्याचे उलट ऐकलेच पाहिजे असे नाही. आरंभी लोक हसले. कोणी काय खाल्ले आणि कोणाला झोप येत आहे, हे जगाला कळवून काय साधणार? पण ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराला भूकंपाचा एक लहानसा धक्का बसला. ज्यांच्या खिशात ही सेवा होती त्यांना चहूकडून एकाच वेळी तोच निरोप आला: धक्का जाणवला! एकेकट्याला बसलेला धक्का क्षणात सर्वांचा झाला. आपण काय बांधले आहे याची पहिली जाणीव बांधणाऱ्यांना त्या दिवशी झाली, असे ते पुढे सांगत.

ती जाणीव वाढवायची कशी? मार्च २००७ मध्ये टेक्सासातील ऑस्टिन गावी साउथ बाय साउथवेस्ट हा उत्सव होता. संगणकावर काम करणारी मंडळी तिथे शेकड्यांनी जमत. दालनात दुकान मांडावे, पत्रके वाटावीत, हा नेहमीचा शिरस्ता. या मंडळींनी तसे काही केले नाही. दोन भाषणांच्या मधल्या वेळात माणसे व्हरांड्यात उभी राहून गप्पा मारतात हे हेरून त्यांनी व्हरांड्यातच मोठे पडदे लावले. त्यापायी ११,००० डॉलर मोजले. ठराविक दोन शब्द ४०४०४ वर पाठवले की पाठवणाऱ्याचे खाते तयार होई, उत्सवातील काही ओळखीची माणसे त्याला आपोआप जोडली जात आणि त्याचा निरोप पडद्यावर झळके. पडद्यावर आपले नाव पाहण्याचा मोह कोणाला सुटला आहे? रोजचे २०,००० निरोप होते ते ६०,००० झाले. वाढीचा हा त्यांचा पहिला मोठा प्रयोग. आणि तो यंत्राचा कमी व मनुष्यस्वभावाचा अधिक होता.

त्याच सुमारास निरोपाची लांबीही कायमची ठरली. हिलेब्रांडच्या १६० अक्षरांतून २० अक्षरे पाठवणाऱ्याच्या नावासाठी बाजूला काढली, आणि उरली १४०.

आता पायवाटांकडे येऊ. या घरात माणसे राहायला आली आणि त्यांना अडचणी दिसू लागल्या. पहिली अडचण हाकेची. सगळेच एका ओट्यावर बसून बोलत असल्यावर मी हे कोणाला उद्देशून बोललो, हे कळावे कसे? २००६ सालच्या अखेरीस काही जणांनी नावापुढे शेपटी मुरडलेले 'अॅट' हे चिन्ह लावायला सुरुवात केली. ईमेलच्या पत्त्यामुळे ते कळफलकावर आयतेच होते. कंपनीने ही खूण दिली नव्हती. तिने ती पाहिली आणि पुढच्या वर्षी त्या खुणेला माणसाच्या पानाशी जोडून दिले.

दुसरी अडचण विषयाची. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना याने सुचवले की शब्दापूर्वी 'हॅश' हे चिन्ह घालावे, म्हणजे त्या विषयावरचे बोलणे एका ठिकाणी शोधता येईल. फुल्लीगोळा खेळताना मुले पाटीवर आखतात तशी ही चौकट. हा मेसिना कंपनीचा नोकर नव्हता. कंपनीतल्या मंडळींना त्याची सूचना फारच पंडिती वाटली. पण ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे वणवे पेटले. आग कुठवर आली, कोणत्या वस्तीने घरे सोडावीत, ही माहिती लोक त्या चौकटीच्या आधाराने एकमेकांना पुरवू लागले, आणि पंडिती वाटलेली खूण गरजेची ठरली. तिच्यावर डांबर पडायला जुलै २००९ उजाडावे लागले.

तिसरी पायवाट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्याचे बोलणे आवडले, ते आपल्या मंडळींना सांगावेसे वाटले, तर? त्यासाठी सोय नव्हती. म्हणून लोक काय करीत? तो मजकूर उचलीत, आपल्या चौकटीत उतरवीत, आरंभी 'रीट्वीट' किंवा नुसती 'आरटी' ही दोन अक्षरे लिहीत आणि मूळ माणसाचे नाव देत. २००७ पासून ही चाल पडली. आता मौज पाहा. मूळ मजकूर जर १४० अक्षरांचा असेल, तर नाव आणि ती दोन अक्षरे त्यात मावणार कुठे? मग मजकुरावर कात्री चालवावी लागे. कोणता शब्द गाळला तर अर्थ जाणार नाही, याचा विचार करावा लागे. आम्हा मास्तर मंडळींच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक माणूस सारांशलेखनाचा धडा गिरवीत होता, आणि ज्याचा सारांश करायचा तो उतारा निदान एकदा तरी वाचावाच लागतो!

या पायवाटेची कसोटी लागली ती आपल्या मुंबईत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. गोळीबार कुठे चालू आहे, कोणत्या रुग्णालयाला रक्त हवे आहे, कोणाचे नातलग सापडत नाहीत, असे निरोप शहरातून निघाले आणि हातोहात जगभर गेले. वृत्तपत्रांच्या छपाईच्या आधी आणि पुष्कळदा दूरदर्शन वाहिन्यांच्याही आधी ते गेले. दूरदेशी असलेल्या अनेक मराठी घरांनी त्या रात्री या लहानशा निरोपांवर डोळे लावले असतील. पण खोटेही त्याच वाटेने गेले. पोलिसांच्या हालचाली उघड होऊ नयेत म्हणून सरकारने हे निरोप थांबवण्याची विनंती केली आहे, अशी एक वार्ता खातरजमा न होताच फिरली आणि नामांकित परदेशी वृत्तसंस्थेच्या पानापर्यंत पोचली. तेव्हा पायवाटेच्या काळात सारे सत्ययुग होते असे समजण्याचे कारण नाही. अफवेला पाय तेव्हाही होते. फक्त पायच होते, चाके नव्हती.

इकडे घराची भरभराट होत होती आणि भरभराटीनेच ते मोडकळीला आले होते. यंत्रावर ताण आला की पडद्यावर एका देवमाशाचे चित्र येई. इवली इवली पाखरे त्याला दोऱ्यांनी उचलून नेत आहेत असे ते चित्र. ते इतक्यांदा दिसू लागले की लोकांना ते पाठ झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये डॉर्सीच्या जागी विल्यम्स मुख्य झाला. एप्रिल २००९ मध्ये अॅश्टन कुचर हा नट आणि सीएनएन ही वृत्तवाहिनी यांच्यात दहा लाख अनुयायी आधी कोण मिळवतो अशी शर्यत लागली, आणि नट जिंकला. माणसांचे लोंढेच्या लोंढे आत येऊ लागले.

पण त्याच महिन्यात नील्सन या मोजणी करणाऱ्या कंपनीने एक आकडा जाहीर केला: आज आलेल्या शंभरांपैकी साठांहून अधिक माणसे पुढल्या महिन्यात फिरकतच नाहीत. दार मोठे, पण माजघरात कोणी टिकत नाही, अशी गत. कारण शोधता ते अगदी साधे निघाले. नवा माणूस येई, त्याच्यापुढे कोरी चौकट आणि एक प्रश्न: तुम्ही काय करीत आहात? ऐकणारे कोणी नाही, ओळखीचे कोणी नाही, तर बोलायचे कोणाशी? शाळेत नवे पोर आले म्हणजे पहिल्या दिवशी ते बाकाच्या कडेला अंग चोरून बसते. शेजारी दोन सवंगडी मिळाले तर ते टिकते, नाही तर आठवड्याने त्याचे पोट दुखू लागते. इथेही तेच.

मग प्रयोग सुरू झाले. नव्या माणसापुढे प्रसिद्ध व्यक्तींची एक तयार यादी ठेवून पाहिली. त्यात यादीवरच्यांचे अनुयायी लाखांनी फुगले आणि यादीबाहेरच्यांनी ओरड केली. पंक्तीत ठराविक पानांवरच तूप वाढल्यावर दुसरे काय होणार? जानेवारी २०१० मध्ये ती यादी मोडून विषयवार नावे सुचवण्याची पद्धत आली. वाढीचे काम पाहणाऱ्या जोश एल्मन याने पुढे सांगितले की, जो माणूस तीसेक जणांना फॉलो करतो आणि त्यांतले काही जण त्याला उलट फॉलो करतात, तो सहसा घर सोडून जात नाही. हे कळल्यावर नव्याला आधी बोलायला न लावता आधी माणसे निवडायला लावण्यात आले. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रश्नही बदलला. 'तुम्ही काय करीत आहात' याऐवजी 'काय घडते आहे' असे विचारले जाऊ लागले. बदल लहान दिसतो, पण स्वतःचे बोलणे मागे पडून जगाची बातमी पुढे आली ती या एका प्रश्नाने.

याच महिन्यात तिसऱ्या पायवाटेवर डांबर पडले. रीट्वीटचे बटण आले. मालकांची कारणे वाईट नव्हती. हाताने उतरवताना मूळ मजकूर मोडतो, मूळ लेखकाचे श्रेय हरवते, तोच निरोप दहा वेळा समोर येतो. आणि मुख्य म्हणजे असे हाताने उतरवलेले मोजता येत नाही. बाहेरच्या काही कारागिरांनी आपल्या प्रोग्रामांत अशी बटणे आधीच बसवली होती. आता घरमालकाने ते सर्वांच्या हाती दिले. कात्री गेली, सारांश गेला, दोन अक्षरे लिहिण्याचे श्रमही गेले. एकदा बोट टेकवले की काम झाले. आणि ते किती जणांनी केले, याचा आकडा खाली दिसू लागला. तो आकडा पाहून आणखी लोक बोट टेकवू लागले.

हे बटण ज्याच्या देखरेखीखाली तयार झाले तो ख्रिस वेदरेल. २०१९ साली एका मुलाखतीत त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: या बटणाच्या बळावर झुंडी एकेका माणसावर तुटून पडताना मी पाहिल्या आणि माझ्या मनात आले, चार वर्षांच्या पोराच्या हाती आपण भरलेले हत्यार तर दिले नाही ना? घर बांधणाऱ्यानेच असे म्हणावे यात सारे आले.

'हे परदेशातले, आम्हाला काय त्याचे?' असे कोणी म्हणेल, तर त्याने क्षणभर आपल्या धुळे जिल्ह्याकडे पाहावे. तिथे वाट निराळ्या घराची होती. व्हॉट्सअॅप ही सेवा ट्विटरहून वेगळी. पण दुसऱ्याचा मजकूर न उतरवता पुढे धाडण्याची सोय तिच्यातही तीच. पोरे पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत गावोगावच्या फोनांतून फिरत होती. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातील पाच माणसांना त्याच संशयावरून जमावाने ठार मारले. पाचही निरपराध. फोनात बोट टेकवणाऱ्या प्रत्येकाला वाटले असेल की आपण शेजाऱ्याला सावध करीत आहोत. त्यांतल्या कोणी ती वार्ता आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहून काढली असती तर कदाचित विचारले असते: कोणाचे पोर? कोणत्या गावचे? कधी?

त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतापुरता एक प्रयोग जाहीर केला. एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येऊ नये, आणि चित्रांशेजारचे झटपट पुढे धाडण्याचे बटण काढून टाकावे. हमरस्त्यावर गतिरोधक घालण्याचाच हा प्रकार. पाच ठिकाणांची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये सर्व जगाला लागू झाली, आणि तिने पुढे धाडणे सुमारे २५ टक्क्यांनी घटले असे कंपनीने सांगितले. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असा नियम झाला. तसल्या निरोपांचे फिरणे ७० टक्क्यांनी कमी झाले.

खुद्द ट्विटरनेही २०२० साली दोन प्रयोग केले. दोन्ही मुळातून समजून घेण्याजोगे आहेत, कारण त्यांची फळे परस्परांहून निराळी आली. पहिला जून महिन्यात. कोणी एखाद्या लेखाचा दुवा न उघडताच पुढे धाडू लागला की त्याला नम्रपणे विचारायचे: आधी वाचून पाहता का? अडवणूक नाही, दंड नाही, नुसता प्रश्न. तो प्रश्न दिसल्यावर लेख उघडून पाहण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. दुसरा प्रयोग ऑक्टोबरात, अमेरिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर. रीट्वीटचे बटण दाबताच कोरी चौकट पुढे यावी आणि माणसाने आपले दोन शब्द त्यात घालावेत, अशी योजना झाली. एकूण पुढे धाडणे २० टक्क्यांनी घटले खरे. पण लोकांनी जे जास्तीचे शब्द घातले, त्यांतले ४५ टक्के निरोप नुसते एका शब्दाचे होते: 'खरे', 'हेच' अशा मासल्याचे. डिसेंबरमध्ये तो प्रयोग मागे घेतला.

शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला या दुसऱ्या प्रयोगाचे नवल वाटणार नाही. शिक्षा म्हणून शंभर ओळी लिहायला दिल्या तर मुलगा शंभर ओळी लिहितो, पण त्यांतली एकही वाचत नाही. पायवाटेवर लोक थांबत ते कोणी थांबवले म्हणून नव्हे. ज्या गोष्टीसाठी थांबावे लागे ती त्यांना स्वतःला करायची असे. सक्तीच्या श्रमाने विचार येत नाही. 'वाचलेत का?' एवढ्या एका प्रश्नाने मात्र तो येतो, निदान पुष्कळांना येतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क याने ४४ अब्ज डॉलरांना हे घर विकत घेतले. जुलै २०२३ मध्ये पाखराची पाटी उतरली आणि एक्स हे एकाक्षरी नाव चढले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, १४० ची मर्यादा दुप्पट होऊन २८० झाली होती. गंमत अशी की, आधी चाचणीसाठी काही जणांना ही दुप्पट जागा दिली तेव्हा शंभर निरोपांतले अवघे पाच १४० अक्षरांच्या पुढे गेले. बॉनमधल्या टाइपरायटरचा हिशेब ३२ वर्षांनंतरही चुकला नव्हता. माणसाला बोलायचे असते ते थोडकेच.

म्हणून बटणे काढून टाका, तारेच्या जमान्यात परत चला, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या त्या रात्री रक्त हवे असल्याचा निरोप जितका वेगाने जाईल तितका हवाच होता. आणि तयार मजकुराला नाके मुरडण्याचेही कारण नाही. आपल्या आजोबांनी दिवाळीची तार केली तेव्हा तारखात्याचाच क्रमांक फॉर्मवर लिहिला. पलीकडे तार हाती पडल्यावर आजोळी कोणी म्हटले नाही की शब्द स्वतःचे नाहीत. माया त्या क्रमांकातूनही पोचली. शुभेच्छा क्रमांकाने धाडली तरी चालते. पण तारखात्याच्या त्या यादीत दुसऱ्या माणसावरच्या आळाला क्रमांक नव्हता. तो कोणाला कळवायचा असेल तर एकेक शब्द स्वतः लिहावा लागे, त्याचे पैसे मोजावे लागत आणि खाली स्वतःचे नाव घालावे लागे.